अजिंठ्याच्या विद्यार्थिलिखित चित्रप्रती : एक पाठचिकित्सक विचार

(१) वाशीमचा ताम्रपट आणि सोळाव्या लेण्यातील लेख

वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याचा वाशीम येथील ताम्रपट १९३९ साली विद्वानांपुढे आला, तेव्हा विदर्भाच्या इतिहासातील एक संपूर्ण राजशाखा प्रकाशात आली. वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, येथून दिलेला हा ताम्रपट भाषेच्या अभ्यासकालाही मोलाचा वाटतो. त्यातील वंशवर्णनाचा भाग संस्कृतात आहे, आणि प्रत्यक्ष दानासंबंधीचा व्यावहारिक मजकूर प्राकृतात आहे. एकाच शासनात दोन भाषांनी आपापली कामे वाटून घेतल्याचे हे ठळक उदाहरण होय. याच शाखेचा मूळपुरुष सर्वसेन याने 'हरिविजय' नावाचे प्राकृत काव्य रचले होते, आणि पुढे राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह वत्सगुल्मात झाल्याचे वर्णिले. या नगराचा वाङ्मयीन लौकिक किती दूरवर पसरला होता, हे यावरून दिसते.

या ताम्रपटाने आणखी एक कार्य केले, आणि प्रस्तुत विवेचनाचा आरंभ तेथूनच होतो. वाशीमच्या पश्चिमेस सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटरांवर अजिंठ्याचे सोळावे लेणे आहे. ते हरिषेण या वत्सगुल्मशाखीय राजाचा मंत्री वराहदेव याने खोदविले. लेण्याबाहेरील शिलालेखात वाकाटकांची वंशावळ दिलेली आहे; पण दगड झिजल्यामुळे त्यातील काही राजनामे पुसट झाली होती. एकोणिसाव्या शतकातील वाचकांनी त्या जागी, इतर ताम्रपटांतून परिचित असलेल्या मुख्य शाखेतील नावे कल्पिली. वाशीमचा ताम्रपट मिळाल्यावर महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी लेखाचे पुनर्वाचन केले, आणि त्या जागी सर्वसेन व विंध्यसेन ही नावे असल्याचे दाखवून दिले. भिंतीवर जे झिजले होते, ते दुसऱ्या ठिकाणच्या साक्षीने भरून निघाले.

शिलालेखाच्या बाबतीत ही पद्धत आज सर्वमान्य आहे. पण त्याच लेण्यांच्या आतील भिंतींवर जी चित्रे आहेत, तीही झिजत, गळत आणि काळवंडत गेलेली आहेत. त्यांचेही पुसलेले 'पाठ' अन्य साक्षींवरून ठरवावे लागतात. या साक्षी म्हणजे एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत तेथे केलेल्या चित्रप्रती. आणि त्यांतील फार मोठा भाग कलाशाळेतील विद्यार्थ्यांच्या हातचा आहे. कलेच्या इतिहासात या प्रतींकडे बहुधा 'नकला' म्हणून पाहिले गेले. त्यांचा विचार हस्तलिखितांच्या प्रतींप्रमाणे करणे का आवश्यक आहे, आणि तसा विचार करताना प्रत लिहिणाऱ्याचे नाव व त्याची शिकवण यांना किती महत्त्व येते, हे येथे पाहावयाचे आहे.

(२) मूळ चित्रांचे माध्यम

प्रतींकडे वळण्यापूर्वी मूळ संहितेचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. अजिंठ्याची चित्रे दोन निरनिराळ्या कालखंडांतील आहेत. नवव्या व दहाव्या लेण्यांतील काही चित्रे इसवी सनापूर्वीच्या सातवाहनकालीन थरातील आहेत. पहिले, दुसरे, सोळावे व सतरावे या लेण्यांतील ज्या चित्रांनी अजिंठ्यास जगभर कीर्ती मिळाली, ती वाकाटककालीन आहेत. अलीकडे वॉल्टर स्पिंक यांनी हरिषेणाच्या काळातील सारे काम इसवी सन ४६० ते ४८० च्या सुमारास, अवघ्या दोन दशकांत झाले असे प्रतिपादन केले. या कालगणनेविषयी मतभेद असले, तरी चित्रे मुख्यतः पाचव्या शतकातील असल्याचे आता बहुतेक मान्य करतात.

या चित्रांना इंग्रजी ग्रंथांत दीर्घकाळ 'फ्रेस्को' म्हटले गेले. तांत्रिक दृष्ट्या ते नाव बरोबर नाही. इटालियन फ्रेस्कोमध्ये चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर रंग चढवितात, आणि चुना वाळताना रंग त्यात बद्ध होतो. अजिंठ्यास खडकावर माती, वनस्पतींचे तंतू, भाताचे तूस इत्यादींचा गिलावा दिलेला आहे. त्यावर पांढरा पातळ थर आहे, आणि हा थर वाळल्यावर डिंक वा सरस यांसारख्या बंधकात कालवलेले रंग लावलेले आहेत. १९३० नंतरच्या दशकात एस. परमशिवन यांनी केलेल्या रासायनिक परीक्षणाने ही गोष्ट स्पष्ट केली. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि पांढरी द्रव्ये ही या चित्रकारांची सामग्री होती. वाकाटककालीन चित्रांत दूरदेशाहून आणलेल्या राजवर्ती दगडाची निळाईही दिसते.

तात्पर्य, अजिंठ्याची मूळ चित्रे पाण्यात कालवलेल्या रंगांची आहेत. रंगांचा थर पातळ, आकृतीचा आधार रेषा, आणि उजेड-सावलीचा उपयोग केवळ गोलाई सुचविण्यापुरता, ही त्यांची प्रकृती होय. हीच प्रकृती त्यांच्या नाशासही कारण झाली. पाण्याने बांधलेला रंग पाण्यानेच सुटतो. गिलावा खडकापासून सुटला की त्याबरोबर चित्रही जाते. पुढील प्रतींचा विचार करताना मूळ माध्यम जलाश्रित होते, हे सतत स्मरणात ठेवावे लागेल.

(३) पहिली प्रत आणि तिचा नाश

१८१९ साली मद्रासच्या सैन्यातील इंग्रज अधिकाऱ्यांच्या दृष्टीस ही लेणी पडली. तेव्हापासून त्यांची वर्णने प्रसिद्ध होऊ लागली, आणि त्याबरोबर त्यांची हानीही वाढली. पाहुणे भिंतीवरील मुखांचे तुकडे काढून नेत, नावे कोरीत, धूर करीत. चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांची नोंद व्हावी म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील कॅप्टन रॉबर्ट गिल यांची नेमणूक केली. त्यांनी १८६३ पर्यंत तेथे राहून मोठमोठ्या कापडांवर तैलरंगात प्रती केल्या. त्यांतील बहुतेक लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. डिसेंबर १८६६ मध्ये त्या इमारतीस आग लागली आणि प्रदर्शनातील प्रती जळाल्या. सुमारे वीस वर्षांच्या परिश्रमातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच चित्रे शिल्लक राहिली.

गिल यांचे छायाचित्रणही प्रसिद्ध आहे. परंतु त्या काळच्या कलोडियन काचपट्टीवर तांबडा रंग जवळजवळ काळा उमटे आणि निळा फिकट पांढरा दिसे. गेरूचे प्राबल्य असलेल्या आणि अंधारात असलेल्या चित्रांची नोंद या तंत्राने होण्यासारखी नव्हती. म्हणून हाताने केलेल्या रंगीत प्रतीला त्या शतकात दुसरा पर्याय नव्हता.

(४) मुंबईच्या कलाशाळेचा वर्ग

गिल यांच्या प्रती जळाल्यावर जेम्स फर्ग्युसन व जेम्स बर्जेस यांनी पुन्हा हे काम हाती घेण्याचा आग्रह धरला, आणि १८७२ मध्ये ते मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेकडे आले. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या या शाळेत जॉन ग्रिफिथ्स हे १८६५ पासून आलंकारिक चित्रणाचे अध्यापक होते. ते स्वतः लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील पद्धतीत तयार झालेले होते. तिच्या अभ्यासक्रमात अनुकृतीला प्रथम स्थान होते. विद्यार्थ्याने आधी सपाट नमुन्यावरून रेखाटावे, मग प्लॅस्टरच्या ठशावरून छायाप्रकाश साधावा, आणि शेवटी वस्तूकडे व मनुष्याकृतीकडे वळावे, असा क्रम असे. जे विद्यार्थी पुढे लेण्यांत गेले, ते याच शिस्तीत वाढलेले होते. अचूक अनुकरण हीच त्यांच्या शिक्षणाची परीक्षा होती, आणि अजिंठ्याच्या भिंतींनी ती परीक्षा अनपेक्षित रीतीने घेतली.

१८७२ पासून १८८५ पर्यंत ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांच्या तुकड्या घेऊन हिवाळ्यात तेथे जात असत. वाघुर नदीच्या घळीत, वस्तीपासून दूर, महिनोन्‌महिने हा वर्ग भरे. लेण्यांच्या आतील मंडपात दिवसा उजेड थोडा. मागच्या भिंतींवर तर जवळजवळ काळोख. चित्रांवर धूर, धूळ आणि वटवाघळांची घाण यांचे थर साचलेले. काही चित्रे उंच भिंतीवर, काही छतावर. छतासाठी मान वर करून काम करावे लागे, आणि मापे अचूक घ्यावी लागत. अशा स्थितीत तेरा वर्षांत सुमारे ३०० कापडे तयार झाली.

या कामाची विभागणी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने विचारात घेण्यासारखी आहे. पहिल्या लेण्याच्या छताचे अनेक चौकोनांत विभाजन केलेले असून प्रत्येक चौकोनात फुले, फळे, पक्षी, प्राणी किंवा मानवी आकृती रंगविलेल्या आहेत. असा एकेक चौकोन म्हणजे एकेका विद्यार्थ्याला झेपण्यासारखे स्वतंत्र काम. भिंतींवरील जातककथांचे विस्तृत पट मात्र भागाभागांनी घ्यावे लागत. ग्रिफिथ्स यांच्या पुढील ग्रंथाचा दुसरा खंड मुख्यतः आलंकारिक तपशिलांना वाहिलेला आहे, ही गोष्ट या विभागणीशी सुसंगत आहे.

या वर्गाचा हेतू केवळ नोंद ठेवण्याचा नव्हता. भारतीय अलंकरणाची परंपरा विद्यार्थ्यांच्या हाती उतरावी, आणि तिचा उपयोग त्यांनी आपल्या काळच्या कामात करावा, अशी अपेक्षा होती. ती काही अंशी फलद्रूपही झाली. शाळेच्या कुंभकामात अजिंठ्याच्या वेलबुट्ट्या व आकृती उतरल्या. १८७८ पासून उभ्या राहिलेल्या मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या सजावटीचे कामही ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली याच शाळेच्या विद्यार्थ्यांनी केले. लेण्यांच्या अंधारात शिकलेली दृष्टी अशा रीतीने शहराच्या रस्त्यावर आली.

या वर्गाच्या हातून हानीही झाली, हे नमूद केले पाहिजे. पुसट रंग स्पष्ट दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वार्निश लावण्यात आले. तेव्हा रंग उजळ दिसले. पुढे वार्निश पिवळे व काळे पडले, आणि त्याखालचा रंगाचा थर ताणला जाऊन सुटू लागला. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने लोरेंझो चेक्कोनी व काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांकडून संरक्षणाचे काम करविले. परंतु त्यांनीही गिलावा व रंग स्थिर करण्यासाठी लाखेचा उपयोग केला, आणि तीही कालांतराने पिवळी पडली. पाण्याच्या रंगावर तेलाची व लाखेची पुटे चढविल्याचा हा परिणाम पुढील पिढ्यांतील संरक्षकांना निस्तरावा लागला. प्रत करताना मूळ संहितेवरच हात फिरविणाऱ्या लेखनिकाची उदाहरणे हस्तलिखितांच्या क्षेत्रातही आहेत. येथे तो प्रकार चित्रांच्या बाबतीत घडला.

(५) दुसरी आग आणि मुखपृष्ठावरील नाव

विद्यार्थ्यांची कापडे लंडनला पाठविली जात व साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात ठेवली जात. १८८५ मध्ये तेथेही आग लागली, आणि या प्रतींपैकी पुष्कळशा जळाल्या किंवा खराब झाल्या. उरलेल्या दीडशेहून अधिक प्रती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. विसाव्या शतकाचा मोठा काळ त्या कोठारातच राहिल्या. अलीकडच्या दशकांत त्यांची स्वच्छता व नोंदणी होऊन त्यांचा अभ्यास पुन्हा सुरू झाला.

ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये दोन भव्य खंडांत या कामाचे फलित प्रसिद्ध केले. अजिंठ्याची ओळख युरोपला करून देण्यात या खंडांचा वाटा मोठा आहे. पण त्यांच्या मुखपृष्ठावर नाव एकट्या ग्रिफिथ्स यांचे आहे. ज्यांनी छताखाली माना मोडून कापडे रंगविली, ते विद्यार्थी अभ्यासकांच्या लेखी 'ग्रिफिथ्स यांच्या प्रती' या शब्दांत सामावून गेले. त्यांतील पेस्तनजी बोमनजी (१८५१-१९३८) हे पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून नावारूपास आल्यामुळे त्यांचा उल्लेख होतो. जगन्नाथ अनंत यांच्यासारखी नावे काही प्रतींच्या नोंदींतून वाचावयास मिळतात. यापलीकडे सामान्य वाचकास या वर्गाविषयी काही ठाऊक नसते.

या अनुल्लेखाचे स्वरूप त्याच लेण्यांतील दुसऱ्या एका कामाशी ताडून पाहिल्यास अधिक स्पष्ट होते. अजिंठ्याच्या शिलालेखांची वाचने डॉ. भाऊ दाजी लाड यांनी आपल्या नावाने प्रसिद्ध केली. १८८१ मध्ये पश्चिम भारतातील लेण्यांच्या शिलालेखांचा जो ग्रंथ निघाला, त्याच्या मुखपृष्ठावर बर्जेस यांच्या नावाबरोबर पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे नाव आहे. शिलालेखाचा ठसा घेऊन तो वाचणे हे विद्वत्तेचे काम गणले गेले, आणि म्हणून वाचकाच्या नावाला मान मिळाला. चित्राची प्रत करणे हे हस्तकौशल्य गणले गेले, आणि म्हणून करणाऱ्याचे नाव आवश्यक वाटले नाही. दोन्ही कामे एकाच भिंतींवर, जवळजवळ एकाच काळी, अंधुक खुणांवरून मूळ ठरविण्याची होती. त्यांच्यातील भेद त्या काळच्या मूल्यकल्पनेतून आला.

हा भेद त्या काळापुरताच होता असेही नाही. सोळाव्या लेण्याच्या शिलालेखात राजा हरिषेणाचे नाव आहे, मंत्री वराहदेवाचे नाव आहे. भिंती रंगविणाऱ्याचे नाव नाही. पाचव्या शतकातील चितारी आणि एकोणिसाव्या शतकातील विद्यार्थी, दोघेही दुसऱ्याच्या नावाखाली राहिले.

(६) जलरंगाची प्रत : १९०९ ते १९११

ग्रिफिथ्स यांच्या ग्रंथानंतर सुमारे एका तपाने दुसरा मोठा प्रयत्न झाला. लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या स्वतः चित्रकर्त्री होत्या. चेन्निनो चेन्निनी याच्या चित्रतंत्रविषयक इटालियन ग्रंथाचे त्यांनी १८९९ मध्ये इंग्रजी भाषांतर केले होते, आणि तैलरंगापूर्वीच्या जुन्या टेम्परा पद्धतीच्या त्या पुरस्कर्त्या होत्या. १९०९-१० व १९१०-११ या दोन हिवाळ्यांत त्यांनी अजिंठ्यास मुक्काम केला. भगिनी निवेदिता व अवनींद्रनाथ ठाकुर यांच्या प्रेरणेने कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त व के. वेंकटप्पा हे तरुण त्यांना येऊन मिळाले. हैदराबादहून सय्यद अहमद व मुहम्मद फझलुद्दीन आले. इंग्लंडहून आलेल्या सहाय्यकांत डोरोथी लार्चर होत्या.

हे कलकत्त्याचे तरुण अवनींद्रनाथांच्या वर्गात जलरंगावर पोसलेले होते. कागद ओला करून त्यावर पातळ रंगाचे थर एकामागून एक धुऊन घेण्याची पद्धत त्यांच्या हाताची सवय झाली होती. मुंबईच्या वर्गाने तैलरंगाने जे साधण्याचा प्रयत्न केला, ते येथे मूळ चित्रांच्या अधिक निकटच्या साधनाने होऊ लागले. छायाप्रकाशापेक्षा रेषेवर, घनतेपेक्षा लयीवर त्यांची दृष्टी होती. हालदार यांनी या अनुभवावर 'अजंता' हे बंगाली पुस्तक लिहिले. भारतीय भाषेत, प्रत करणाऱ्याने स्वतःच्या नावाने लिहिलेला लेण्यांचा वृत्तान्त म्हणून ते महत्त्वाचे आहे. सय्यद अहमद पुढे निजामाच्या पुरातत्त्व खात्याच्या वतीने अजिंठ्याच्या रक्षणाच्या कामाशी निगडित राहिले. इंडिया सोसायटीने १९१५ मध्ये या प्रती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. त्याच्या उपशीर्षकात 'लेडी हेरिंगहॅम व त्यांचे सहाय्यक' असा निर्देश आला. दोन दशकांत मुखपृष्ठावर विद्यार्थ्यांसाठी निदान एक सामान्यनाम तरी आले, एवढी प्रगती म्हणावयास हरकत नाही.

पुढेही प्रती होत राहिल्या. १९१७-१८ मध्ये जपानी चित्रकार अराई काम्पो व त्यांचे सहकारी आले. त्यांच्या प्रती १९२३ च्या टोकियोच्या भूकंपात नष्ट झाल्या. महाराष्ट्रात औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी अजिंठ्याचा ध्यास घेतला, आणि १९३२ मध्ये लेण्यांवर एक मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध केला. हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात छायाचित्रणावर आधारलेले चार भाग काढले. येथपासून हातच्या प्रतीचे काम छायाचित्राकडे गेले.

(७) प्रतींची चिकित्सा

मराठीत 'प्रत' हा शब्द दोन अर्थांनी येतो. ग्रंथाची प्रत म्हणजे त्याची लिहून वा छापून घेतलेली दुसरी आवृत्ती. मालाची प्रत म्हणजे त्याचा दर्जा. अरबीतून आलेल्या 'नक्कल' शब्दाला मात्र मराठीत उपहासाची छटा चिकटली. अजिंठ्याच्या विद्यार्थ्यांच्या कामाला नक्कल म्हणावे की प्रत, हा शब्दांपुरता प्रश्न नाही. नक्कल म्हटले की मूळ हाती असताना तिचे प्रयोजन संपते. प्रत म्हटले की मूळ हरवल्यावर तिचे प्रयोजन सुरू होते, आणि तिच्या दर्जाची चौकशी करणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेचे काही नियम येथे उपयोगी पडतात. पहिला नियम असा की लेखनिकाची सवय ओळखल्याशिवाय त्याच्या पाठाचे मोल ठरत नाही. मुंबईच्या विद्यार्थ्याला प्लॅस्टरच्या ठशावरून शिकविलेले असे. त्यामुळे मूळात जेथे गोलाई केवळ सुचविली आहे, तेथे त्याच्या हातून ती भरीव होण्याचा संभव असतो. कलकत्त्याच्या विद्यार्थ्याला रेषेची ओढ होती. त्यामुळे मूळची तुटक रेषा त्याच्या हातून सलग होण्याचा संभव असतो. म्हणून तैलप्रतीतील घनता आणि जलप्रतीतील लय ही दोन्ही प्रथम करणाऱ्याच्या खात्यावर मांडावीत, आणि मगच मूळ चित्राच्या खात्यावर काय उरते ते पाहावे.

दुसरा नियम असा की परस्परांवर अवलंबून नसलेल्या दोन साक्षी जेथे जुळतात, तेथे पाठ विश्वसनीय मानावा. भिन्न शाळांत शिकलेल्या, भिन्न माध्यम वापरणाऱ्या आणि सुमारे तीन दशकांच्या अंतराने काम करणाऱ्या दोन हातांनी एखाद्या मुखाचा कल, एखाद्या दागिन्याचा आकार किंवा हाताची मुद्रा सारखीच दाखविली, आणि आज भिंतीवर तो भाग गळून गेलेला असला, तरी तो तपशील मूळातलाच असल्याची खात्री पुष्कळ वाढते. येथे हस्तलिखितांत सहसा न मिळणारी एक सोयही आहे. चित्राचे इतर भाग भिंतीवर अद्याप शिल्लक असल्यामुळे, तेवढ्या भागांत तरी प्रत्येक प्रतीची अचूकता मूळाशी ताडून पाहता येते.

तिसरा नियम रिकाम्या जागेविषयीचा आहे. प्रामाणिक लेखनिक फाटलेल्या पानावरील अक्षरे कल्पनेने भरीत नाही. तो जागा सोडतो. मुंबईच्या वर्गाच्या पुष्कळ कापडांवर गळलेल्या गिलाव्याचे डाग, चिरा व खड्डे जसेच्या तसे रंगविलेले आहेत. चित्र पूर्ण व सुंदर दिसावे असा मोह विद्यार्थ्याला होणे स्वाभाविक होते. तो त्यांनी आवरला. आज या डागांमुळेच कोणत्या वर्षी कोणता भाग शाबूत होता, याचा अंदाज करता येतो. विद्यार्थ्यांच्या शिस्तीचा हा सर्वांत मोठा पुरावा होय.

चौथा नियम टीकाकाराविषयीचा आहे. संहिता आणि तिच्यावरील टीका यांची गल्लत होऊ नये. पहिल्या लेण्यातील एका दरबारी दृश्याला फर्ग्युसन यांनी १८७९ मध्ये दुसरा पुलकेशी व इराणचा दुसरा खुस्रो यांच्यातील शिष्टाईचे चित्र ठरविले. हा अर्थ खरा मानल्यास चित्र सातव्या शतकात न्यावे लागे, आणि बरीच वर्षे अजिंठ्याच्या कालगणनेवर त्याचा दाब राहिला. वाकाटककालीन निर्णयानंतर तो अर्थ टिकत नाही. त्या दृश्याच्या प्रतींचे मोल मात्र यामुळे कमी होत नाही. त्यांवर चिकटविलेले नाव तेवढे काढून टाकावे लागते. डीटर श्लिंगलोफ यांनी जातक व अवदान कथांच्या आधारे अनेक दृश्यांची ओळख नव्याने पटविली, तेव्हा नष्ट झालेल्या भागांसाठी जुन्या प्रतींची साक्ष किती उपयोगी पडते, हे प्रत्ययास आले.

या सर्व नियमांचा रोख एका व्यावहारिक गरजेकडे आहे. 'ग्रिफिथ्स यांच्या प्रती' असा एकच निर्देश पाठचिकित्सेला पुरेसा नाही. तेरा वर्षांत अनेक विद्यार्थी आले व गेले; कोणी मानवाकृतीत निपुण, कोणी अलंकरणात; कोणी पहिल्याच हिवाळ्यात आलेला, कोणी पाच हिवाळे अनुभवलेला. त्या सर्वांच्या कामाला एकच हात मानणे म्हणजे निरनिराळ्या लेखनिकांच्या पोथ्या एका नावाने बांधून ठेवणे होय. प्रत्येक कापडावरील सही, पाठीमागील नोंद, वर्ष व लेणे यांची सूची करून विद्यार्थीनिहाय हात वेगळे केले, तर कोणाचा पाठ कोठे विश्वसनीय आणि कोठे संशयास्पद हे सांगता येईल. विद्यार्थ्यांच्या नावांचा शोध अशा रीतीने न्यायाचा प्रश्न आहे, तसाच तो पद्धतीचाही प्रश्न आहे. नाव गेले की साक्षीदाराची उलटतपासणी करण्याची सोयही जाते.

वाशीमच्या ताम्रपटाने सोळाव्या लेण्यातील दोन राजांची नावे परत मिळवून दिली. तो ताम्रपट कोणी, कोठून, कोणत्या वर्षी दिला हे त्यात लिहिलेले होते, म्हणूनच त्याची साक्ष ग्राह्य ठरली. लंडनच्या संग्रहातील दीडशेहून अधिक कापडांनाही असाच दाखला मिळाला पाहिजे. विदर्भ व मराठवाड्यातील विद्यापीठांतून इतिहास, भाषा व चित्रकला यांचे पदव्युत्तर विद्यार्थी या कामात एकत्र आले, तर एका जुन्या वर्गाने अर्धवट सोडलेले कार्य दुसऱ्या वर्गाकडून पुढे जाईल. वत्सगुल्माच्या राजांनी पोसलेल्या चित्रांचे जे पाठ भिंतीवरून गेले आहेत, त्यांतील काही तरी यामुळे निश्चित होतील. आणि ज्यांच्या हातांनी ते जतन केले, त्यांची नावेही त्या पाठांशेजारी लिहिली जातील.